पिकाच्या फोटोसाठी कॅमेरा निवडताना : मेगापिक्सेलचा अर्थ समजून घ्या

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव परिसरात कीड-रोग दिसला की आता मोबाईलवर फोटो काढून सल्ला विचारला जातो. मात्र अनेक फोटोंत पान दिसते, कीड दिसत नाही. कपाशीच्या पानाखाली फुलकिडे आहेत की कोळी, हे ओळखता आले नाही तर फवारणीचा खर्च वाया जातो. कोळी हा कीटक नाही. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्यावर चालत नाहीत. म्हणून कॅमेरा किंवा मोबाईल घेण्यापूर्वी रिझोल्यूशन समजून घ्यावे.

मेगापिक्सेल म्हणजे काय?

फोटो हा बारीक रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. 10 लाख पिक्सेल म्हणजे 1 मेगापिक्सेल. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण 4000 × 3000 ठिपके असतात.

कीड किती ठिपक्यांत येते?

फुलकिडा सुमारे 1 मि.मी. लांब, तर कोळी सुमारे अर्धा मि.मी. असतो. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत :

- 10 सें.मी. रुंदीचे पान पूर्ण चौकटीत घेतल्यास 1 मि.मी.ला 40 ठिपके मिळतात. फुलकिडा 40, कोळी 20 ठिपक्यांत येतो.
- 1 मीटर रुंदीचा भाग घेतल्यास 1 मि.मी.ला फक्त 4 ठिपके. कोळी 2 ठिपक्यांत येतो, म्हणजे दिसतच नाही.

मेगापिक्सेल चौपट (12 ऐवजी 48) केले तरी लांबीतील ठिपके दुप्पटच होतात. तेवढाच फायदा निम्म्या अंतरावरून फोटो काढल्यास फुकट मिळतो. शिवाय 48 मेगापिक्सेलचे अनेक मोबाईल चार ठिपके एकत्र करून नेहमीचा फोटो 12 मेगापिक्सेलचाच देतात.

खरेदी करताना काय पाहावे?

- कॅमेरा 8 ते 10 सें.मी. अंतरावर फोकस होतो का? दुकानातच वर्तमानपत्रातील बारीक अक्षरांचा फोटो काढून, मोठा करून पाहावा.
- डिजिटल झूम फक्त चित्र ताणतो, नवीन तपशील देत नाही. ऑप्टिकल झूम भिंगाने मोठे करतो, तो उपयोगी.
- 2 मेगापिक्सेलच्या 'मॅक्रो' कॅमेऱ्यावर भुलू नये. मुख्य कॅमेराच तपासावा.
- लेन्स साधी असेल किंवा हात हलला, तर जास्त मेगापिक्सेलचाही उपयोग होत नाही.

फोटो काढताना व पाठवताना

1. लेन्स स्वच्छ पुसावी. पान एका हाताने स्थिर धरून, कीड असलेल्या भागावर बोट टेकवून फोकस करावा.
2. सकाळच्या मोकळ्या उजेडात, पानावर स्वतःची सावली पाडून फोटो काढावा. कडक उन्हात रंग फिके दिसतात.
3. तीन फोटो द्यावेत : शेताचा, झाडाचा आणि पानाच्या खालच्या बाजूचा जवळून. गुलाबी बोंडअळीची शंका असल्यास डोमकळी व फोडलेल्या बोंडाचाही द्यावा.
4. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवल्यास त्याचे रिझोल्यूशन कमी होते. 4000 ठिपक्यांची रुंदी 1600 वर आल्यास वरील उदाहरणातील कोळी 20 ऐवजी 8 ठिपक्यांत उरतो. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

ई-पीक पाहणीसाठी मात्र एवढ्या तपशिलाची गरज नसते. तेथे पीक स्पष्ट ओळखू येणे आणि जागेची नोंद महत्त्वाची. फोटोवरून शंका राहिल्यास फवारणी थांबवून प्रादुर्भावग्रस्त पाने कागदी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावीत.