आर्द्रीकरण, घरातील हवेचे

घरातील हवा प्रमाणाबाहेर कोरडी असता तीत पाण्याची वाफ मिसळण्याच्या क्रियेस आर्द्रीकरण म्हणतात. फुप्फुसविकार असलेल्या व्यक्तीस ते उपकारक होईल की अपायकारक, हे मुख्यतः हवेतील मूळचा ओलावा आणि उपकरणाची स्वच्छता यांवर अवलंबून असते.

नाक व श्वासनलिका आत येणारी हवा उबदार व ओलसर करतात. फुप्फुसात पोहोचेपर्यंत तिचे तापमान ३७° से. होते आणि तिच्या दर घन मीटरमध्ये सु. ४४ ग्रॅ. वाफ असते. बाहेरची हवा फार कोरडी असल्यास कफ चिकट होतो व तो वर ढकलणाऱ्या पक्ष्माभिकांची (केसासारख्या सूक्ष्म तंतूंची) हालचाल मंदावते. दमा, चिरकारी श्वासनलिकाशोथ यांसारख्या विकारांत यामुळे त्रास वाढतो.

घरात सापेक्ष आर्द्रता सामान्यतः ३० ते ५० टक्के असावी. ती ६० टक्क्यांच्या वर राहिल्यास भिंतींवर कवके (बुरशी) व अंथरुणात धुळीतील माइट वाढतात. ही दोन्ही दम्याची प्रमुख कारके होत. म्हणून आर्द्रतामापकाने मोजल्यावाचून हवेत ओलावा मिसळू नये. 

याबाबत महाराष्ट्राचे प्रदेश परस्परांहून अगदी भिन्न आहेत. विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी ४०° से. तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असता दर घन मीटरमध्ये सु. १० ग्रॅ. वाफ असते. तेथे वाळ्याचे पडदे व कूलर उपयुक्त ठरतात. याउलट, रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदीच्या मुखाशी वसलेल्या भाट्ये येथील सागरी हवा नारळास मानवणारी, दमट असते. तेथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. पावसाळ्यात ३०° से. तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असता तेथील हवेत दर घन मीटरला सु. २४ ग्रॅ. वाफ असते. अशा घरात आर्द्रक लावण्यापेक्षा गळती थांबविणे, हवा खेळती ठेवणे व निजण्याच्या खोलीत ओले कपडे वाळत न घालणे अधिक हिताचे असते. नळीवाटे ऑक्सिजन घेणारे वा गळ्यास छिद्र पाडून श्वासमार्ग केलेले रुग्ण यांस अपवाद होत. त्यांच्या श्वासवायूस ओलावा द्यावा की नाही व कसा, हे वैद्याने ठरवावयाचे असते.

आर्द्रकात पाणी साचून राहिल्यास त्यात सूक्ष्मजंतू व कवके वाढतात. ती हवेवाटे फुप्फुसात गेल्याने अधिहर्षताजन्य फुप्फुसशोथ होऊ शकतो. श्राव्यातीत आर्द्रक पाण्यातील क्षारही धूलिरूपाने हवेत सोडतो. म्हणून त्यात ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. पाणी रोज बदलावे, टाकी वरचेवर घासून, धुऊन कोरडी करावी. पाण्यात जंतुनाशक वा सुगंधी द्रव्य मिसळू नये. दक्षिण कोरियात आर्द्रकासाठी विकली जाणारी जंतुनाशके प्राणघातक फुप्फुसविकारास कारणीभूत असल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. उकळत्या पाण्याच्या वाफेने भाजण्याचा धोका असल्याने असे पात्र रुग्णाच्या अंथरुणाजवळ वा मुलांच्या हाताशी ठेवू नये. खिडकीच्या काचेवर वा भिंतीवर दव धरू लागल्यास आर्द्रक ताबडतोब बंद करावा.