एका चालीला दीड सेकंद: हिकारू नाकामुरा इतका फास्ट कसा खेळतो?

आजचा एपिसोड माझ्या एका हरण्यापासून सुरू करतो.

काल रात्री झोपायच्या आधी ‘हा शेवटचा’ म्हणून एक बुलेट गेम लावला. बुलेट म्हणजे अख्ख्या डावासाठी प्रत्येकाला फक्त एक मिनिट. माझ्याकडे एक हत्ती जास्त, समोरच्याकडे राजा आणि तीन प्यादी. तरी हरलो, कारण माझा टाइम संपला. तुमचंही झालंय ना असं? मग हिकारू नाकामुराचे व्हिडिओ काढून बसलो. त्याच एका मिनिटात हा माणूस वेगळं काय करतो?

आधी थोडी ओळख. जन्म १९८७चा, जपानमधला, वाढला अमेरिकेत. २००३ मध्ये, १५व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि सर्वांत लहान अमेरिकन ग्रँडमास्टर हा बॉबी फिशरचा विक्रम मोडला. चेस डॉट कॉमची स्पीड चेस चॅम्पियनशिप त्याने २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वेळा जिंकली. २०२२च्या फायनलला समोर मॅग्नस कार्लसन होता, स्कोअर १४.५–१३.५.

आता हिशेब करा. ६० सेकंद, ४० चाली. म्हणजे एका चालीला दीड सेकंद. एवढ्यात खोल विचार त्यालाही जमणार नाही. मग?

पहिली गोष्ट, तो सर्वांत भारी चाल शोधत बसत नाही. पुरेशी चांगली दिसली की खेळून मोकळा. सुरुवातीला बऱ्याचदा वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतो, बी-३. मग उंट बी-२ वर. समोरच्याने काहीही खेळलं तरी ही मांडणी साधारण तशीच लावता येते. आपला वेळ वाचतो आणि त्याचं पाठांतर वाया जातं.

दुसरी, डाव बिघडला तरी तो सोडत नाही. एखादा शह, राजाजवळ घुसलेला घोडा, असं काहीतरी उकरत राहतो. दरवेळी समोरच्याला थांबून बघावं लागतं आणि त्याचे सेकंद जातात. जिंकत असलेला माणूसच जास्त घाबरतो. काल मी तेच केलं.

तिसरी, प्री-मूव्ह. समोरचा खेळायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची. चेस डॉट कॉमवर अशा चालीला ०.१ सेकंदच जातो. पण ती कुठेही लावायची नसते. मोहरं परत मारायचंय, किंवा काहीही झालं तरी चाल सुरक्षित आहे, तिथेच. नाहीतर वजीर फुकट जातो.

आणि हा सगळा नुसता बोटांचा खेळ नाही हं. शांत, लांबलचक क्लासिकल डावांतही तो जगात दुसऱ्या नंबरपर्यंत पोहोचलाय. हजारो पोझिशन्स आधीच डोक्यात बसल्यात, म्हणून चाल पटकन दिसते. तरी तो अजिंक्य नाही. २०२३च्या फायनलमध्ये कार्लसनने त्याला १३.५–१२.५ ने हरवलंच.

मग आपण काय करायचं? नुसते बुलेट खेळून वेग येत नाही. फक्त हत्ती आणि राजा घेऊन एकट्या राजाला मात द्यायचा सराव करा, वीस सेकंदांत जमेपर्यंत. मी आज रात्री तेच करणार आहे. ‘हा शेवटचा’ गेम उद्या!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर घड्याळाकडे लक्ष असू द्या!