विनोदाचं व्हाउचर

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या नौपाड्याच्या मंडळींना आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. एका खाजगी बँकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने २०२२ साली प्रशिक्षण वर्गात एका सहकारी बाईंच्या लांब केसांवर शेरा मारला होता. हे केस आवरायला जेसीबी लागत असेल, अशा अर्थाचा. वर केसांवरच्याच एका जुन्या हिंदी गाण्याची ओळही गुणगुणून दाखवली होती. तक्रारीत आणखीही मुद्दे होते. बँकेच्या अंतर्गत समितीने त्याला दोषी धरलं, त्याची पदावनती झाली आणि पुण्याच्या औद्योगिक न्यायालयाने २०२४ मध्ये समितीचंच म्हणणं उचलून धरलं. उच्च न्यायालयाने मात्र हे सगळं रद्द केलं. तक्रारीतल्या गोष्टी खऱ्या धरल्या तरी त्याला लैंगिक छळ म्हणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. आणि हेही म्हणालं की, त्या बाईंना स्वतःलाही त्या वेळी तसं वाटल्याचं दिसत नाही.

“बघा वहिनी,” आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, “सुटलो एकदाचे! ऑफिसात साधा विनोद करायचीसुद्धा चोरी झाली होती. तुम्ही बँकेत होतात, तुमचं काय मत?”

माझं मत कट्ट्यावर उभ्या उभ्या सांगण्याएवढं लहान नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी एक सांगून टाकते. मला त्या निकालाचा राग आला नाही. भरल्या वर्गात केसांवरून केलेला एक शेरा आणि गाण्याची एक ओळ, एवढ्यावर कुणाची नोकरीतली पायरी काढून घ्यायची तर कागद फार पक्का लागतो. मी अधिकारी असताना दोन-तीन खातेनिहाय चौकशांत बसले आहे. चौकशीच्या टेबलावर “सगळ्यांना माहीत आहे” या वाक्याला काडीची किंमत नसते. पण आमच्या गृहस्थांनी निकालात जे वाचलं ते निकालात नव्हतं. न्यायालयाने एका प्रसंगाचा निवाडा केला. ऑफिसातल्या विनोदाला परवाना दिलेला नाही.

आणि हा ‘साधा विनोद’ म्हणजे नक्की काय, हे ज्यांनी तो कधी ऐकून घेतलेला नाही त्यांना समजावणं फार कठीण आहे. प्रयत्न करून पाहते.

मी १९८२ साली क्लार्क म्हणून बँकेत लागले. शाखेचं नाव सांगत नाही, बँकेचंही नाही. पस्तीस माणसं, त्यात आम्ही सातजणी. आमच्या अकाउंटंटसाहेबांचा विनोदी म्हणून लौकिक होता. एरवी ते डब्याच्या वेळी दोन-तीन किस्से सांगत. पण त्यांना खरा रंग चढायचा तो जून आणि डिसेंबरच्या क्लोजिंगला. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, सेव्हिंग्जचं व्याज काढणं चाललेलं, लेजरं उघडी पडलेली, बँकेच्या खर्चाने आलेले बटाटेवडे गार झालेले. बॅलन्स जुळल्याशिवाय कुणालाच घरी जाता येत नसे. अशा वेळी साहेब खुर्ची मागे रेलून सुरू करीत.

ते किस्से इथे देत नाही. ही पुरवणी घरात नातवंडांपासून आजीपर्यंत सगळे वाचतात. शिवाय किस्से महत्त्वाचे नव्हतेच. त्यांची पद्धत महत्त्वाची होती. पहिला किस्सा हवेत सोडलेला असे, कुणालाच उद्देशून नसलेला. तो सांगताना ते आमच्याकडे बघत. कोण हसतं, कोण मान खाली घालून बेरजेत डोकं खुपसतं, कोण उठून पाणी प्यायला जाते. दुसरा किस्सा मग जिने मान खाली घातली तिच्याकडे बघून. तिसऱ्यात तिची साडी यायची, किंवा तिचा नवरा. पुरुष सहकारी हसत. सगळेच वाईट होते असं नाही. काहीजण नुसतेच अवघडून हसत. पण ज्या बाईवर विनोद झाला तिला त्या हसण्यातला फरक मोजायला वेळ नसतो.

मॅनेजरांकडे आम्ही दोघी एकदा गेलो होतो. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, “अहो, स्वभावच आहे त्यांचा. मनाने अगदी निर्मळ आहेत. तुम्ही लक्ष देऊ नका.” ज्याच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल आहे, ज्याच्या सहीशिवाय तुमची रजा मंजूर होत नाही, त्याच्याकडे लक्ष न देणं ही सल्ला देणाऱ्यालाच जमणारी गोष्ट आहे.

आमच्यातली एक डोंबिवलीची होती. सीएआयआयबीचा पहिला भाग माझ्या आधी पास झालेली, हिशेबाला आमच्या सगळ्यांत तरबेज. तिसरा किस्सा बहुतेक वेळा तिच्या वाट्याला यायचा. तिने काय केलं? बदली मागून घेतली. ठाण्याला येणं वीस-पंचवीस मिनिटांचं होतं. त्याऐवजी दोन गाड्या बदलून जावं लागेल अशा शाखेत ती गेली. मुलगी लहान होती. प्रवासातच तीन तास जायला लागल्यावर अभ्यास सुटला, प्रमोशनची परीक्षा त्या वर्षी दिली नाही, पुढच्याही दिली नाही. ती क्लार्क म्हणूनच निवृत्त झाली. बँकवाल्यांना सवय असते, म्हणून एकदा तिच्याच घरी बसून मी तिच्या आणि माझ्या पेन्शनमधला फरक काढला आणि तो ती जगेल तेवढ्या महिन्यांनी गुणायला लागले. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाली, “राहू दे गं. चहा गार होतोय.”

साहेबांना पेचात पकडलं ते फक्त आमच्या शाखेतल्या झाडूवाल्या मावशींनी. पाटी उचलता उचलता त्यांनी एक किस्सा ऐकला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “साहेब, मला नाही कळला. जरा उलगडून सांगा की, ह्यात हसायचं काय?” साहेबांना एकदम स्ट्राँगरूमचं काम आठवलं. हा उपाय नामी आहे, मुलींना सांगण्यासारखा आहे. पण मावशींचा गोपनीय अहवाल साहेब लिहीत नसत, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

यावर हमखास एक ऐकावं लागतं, की बायकांना विनोदाचं वावडं असतं. काय सांगावं! हळदीच्या घरी पुरुष बाहेर गेल्यावर काय काय बोललं जातं ते एकदा दाराआडून ऐका. सकाळच्या आठ-चौदाच्या लेडीज डब्यात मुलुंडपर्यंत जी करमणूक होते ती छापली तर संपादकांना रजेवर जावं लागेल. दादा कोंडक्यांच्या सिनेमांना काय फक्त पुरुष जात होते? ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला तेव्हापासून घरच्या घरं जाऊन हसत आली. फरक एवढाच, की तिथे आपण तिकीट काढून जातो आणि नको वाटलं तर उठून येतो. क्लोजिंगच्या रात्री उठून येता येत नाही.

कायद्याला ही गोष्ट समजायला बराच वेळ लागला. रूपन देओल बजाज या आयएएस अधिकारी. चंडीगडमधल्या एका मेजवानीत जुलै १९८८ मध्ये पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांनी त्यांच्याशी गैरवर्तन केलं. तिथल्या उच्च न्यायालयाने प्रकरण क्षुल्लक म्हणून काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ते पुन्हा उभं केलं, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं २००५ मध्ये. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या बाईला सतरा वर्षं लागली.

राजस्थानात भंवरीदेवी या सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत पहिल्यांदा नियम घालून दिले. त्या खंडपीठावर न्या. सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. नियम झाले, पण पाळतो कोण? तेव्हा पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि तिचा निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये लागला. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. म्हणजे मी अधिकारी होऊन, केस पांढरे करून निवृत्तीकडे झुकले तेव्हा.

या कायद्यात लैंगिक सूचकता असलेले शेरे स्पष्टपणे येतात. आणि त्याच्या व्याख्येत सगळ्यात मोलाचा शब्द आहे ‘नकोसं’. बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ होता की नाही इथून कायदा सुरुवात करीत नाही. ऐकणारीला ते नकोसं होतं का, इथून करतो. आमच्या मॅनेजरांनी नेमकं उलट्या टोकाने धरलं होतं.

पण ‘नकोसं होतं’ हे सिद्ध कशाने करायचं? इथे माझ्यातली बँकवाली जागी होते. बँकेत व्हाउचरशिवाय एंट्री पडत नाही. साधा पाच रुपयांचा चहा पाजला तरी व्हाउचर. विनोदाचं व्हाउचर नसतं, आणि विनोद करणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. चिठ्ठी लिहिली तर ती सापडेल, अंगाला हात लावला तर कुणी बघेल, विनोद हवेत विरतो, आणि वर “गंमत कळत नाही का?” म्हणता येतं. उच्च न्यायालयासमोरच्या त्या प्रकरणात, त्या वेळी बाईंना काय वाटलं, याला एवढं महत्त्व आलं ते यामुळेच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी एकच सांगते. त्याच रात्री लिही. तारीख, वेळ, जागा, शब्द जसेच्या तसे, कोण कोण बसलं होतं. एखाद्या मैत्रिणीला त्याच दिवशी कळव. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. मुली याच भीतीने गप्प बसतात.

समित्यांनाही हिशेब चोख ठेवावा लागतो. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीने चौकशी इतक्या घाईने उरकली की, प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी! त्या मुलींनी काय करायचं? ज्या समितीला बाईची बाजू घ्यायची आहे तिनेच पुरुषाचं म्हणणं शब्द न् शब्द लिहून घ्यायला हवं. हे भाबड्या उत्साही लोकांना पटत नाही.

गंमत अशी की, आता विनोदवीर आपलं व्हाउचर स्वतःच फाडायला लागले आहेत. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर उद्याचं टार्गेट येतं, रजेचा निरोप येतो आणि त्याच्याच खाली रात्री साडेअकराला साहेबांचा चावट फॉरवर्ड येतो. ग्रुप सोडावा तर उद्याचं काम कळत नाही. पण पडद्यावर तारीख असते, वेळ असते, पाठवणाऱ्याचं नाव असतं. आमच्या वेळी एवढं असतं तर!

आमच्या शेजारच्या इमारतीतली एक मुलगी याच ग्रुपमुळे माझ्याकडे आली. राम मारुती रोडवरच्या एका सहा माणसांच्या कार्यालयात ती काम करते. फॉरवर्ड पाठवणारे दस्तुरखुद्द मालक. “काकू, आमच्याकडे कसली समिती नि काय!” म्हणाली. खरं आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण नौपाड्यात गोखले रोडपासून हरिनिवासपर्यंत जी शेकडो दुकानं, दवाखाने, क्लासेस, सीएंची कार्यालयं आहेत, त्यांतली कितीतरी दहाच्या आतली. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. घरकामाला येणाऱ्या बाईसुद्धा तिथे जाऊ शकतात. आपल्या जिल्ह्याचं मुख्यालय कोर्ट नाक्यावर, नौपाड्यातून चालत जाण्यासारखं. एवढ्या जवळची गोष्ट, पण मी विचारलं त्या दहा बायकांतल्या नऊजणींना ठाऊक नव्हती.

आम्ही दोघींनी तीन संध्याकाळी बसून तिचा अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात तिने ‘अश्लील’ हा शब्द सात वेळा वापरला होता. मी तो सगळीकडून काढायला लावला आणि त्या जागी तारखा घातल्या. नोकरी जाईल ही भीती तिला होती. जाणार नाही असं मी तिला म्हटलं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. कामावरून अंतरिम रजा मागता येते, ती तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते, एवढं मात्र तिच्या वडिलांसमोर सांगितलं. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “प्रती किती लागतात?”

नियमाप्रमाणे सहा लागतात. ते स्वतःच चपला घालून गोखले रोडवर झेरॉक्स काढायला गेले आणि सात घेऊन आले.