स्कॉच एग घरी बनवून विकायचंय? आधी वजनकाटा घ्या



स्कॉच एगच्या व्हिडिओत अंड्यावर खिमा कसा चढवायचा, हात कसा फिरवायचा, कढईत एकावेळी किती नग टाकायचे हे आपण पाहिलं. पण पैसा नेमका कुठून गळतो, हे काही व्हिडिओत नीट दाखवता येत नाही. म्हणून हा लेख. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या गावांत राहून, घरच्याच गॅसवर हा पदार्थ बनवून विकायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी वही-पेन घेऊन वाचा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. उकडलेलं अंडं घ्यायचं, त्यावर मसालेदार खिम्याचा थर द्यायचा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचं आणि तळायचं. मधून कापलं की पिवळा बलक, पांढरा गोल आणि बाहेर तपकिरी कडा. दिसायला लय भारी! हा पदार्थ इंग्लंडचा. लंडनचं फोर्टनम अँड मेसन हे दुकान सांगतं की प्रवाशांना गाडीत सहज खाता यावा म्हणून १७३८ साली त्यांनीच तो काढला. हा दावा सगळ्यांना मान्य नाही. आपल्याकडचा नर्गिसी कोफ्ता बघा, तोही अंड्यावर खिमा चढवूनच करतात, फक्त तो रश्श्यात जातो. नर्गिस हे फुलाचं नाव, कापलेलं अंडं त्या फुलासारखं दिसतं म्हणून. मूळ कोणाचं, हा वाद अभ्यासकांना करू द्या.

आपल्या कामाची गोष्ट नावाची आहे. पाटीवर 'स्कॉच एग' लिहू नका. आपल्याकडे 'स्कॉच' म्हटलं की माणसाला बाटलीच आठवते, आणि बायका-पोरांना घेऊन आलेला गिऱ्हाईक पाटी वाचूनच पुढे निघून जातो. 'खिमा अंडा' लिहा, 'अंडा कोफ्ता' लिहा. ज्या मोहल्ल्यात नर्गिसी कोफ्ता माहीत आहे तिथे 'सुका नर्गिसी' लिहिलं की समजावून सांगायचं काम उरत नाही.

सगळा खेळ थराच्या जाडीचा

आता मुद्द्यावर येऊ. नवीन माणूस विचार करतो, अंडं महाग झालं तर काय? अंड्याचा भाव वर-खाली होतोच. एनईसीसी ही १९८२ पासूनची अंडी उत्पादकांची संस्था रोज भाव जाहीर करते. थंडीत भाव चढतो, उन्हाळ्यात आणि श्रावणात उतरतो. पण रुपया-दीड रुपयाच्या चढ-उताराने तुमचा धंदा बसत नाही. तो बसतो खिम्याने.

सोललेलं अंडं साधारण ४५ ग्रॅमचं असतं. त्यावर ७५ ग्रॅम खिमा चढवला तर सगळीकडून जवळपास ८ मिलिमीटरचा थर बसतो. आता हाताच्या अंदाजाने १०० ग्रॅम चढला असं धरा. जाडी किती झाली? फार तर १० मिलिमीटर. म्हणजे २५ ग्रॅम जादा गेले आणि जाडी वाढली फक्त २ मिलिमीटर! कारण गोळा जसा मोठा होतो तसा बाहेरचा पृष्ठभाग वाढत जातो आणि माल तिथे पसरतो. हे तुमच्या डोळ्याला दिसत नाही, गिऱ्हाइकालाही दिसत नाही. म्हणजे तुम्ही जादा दिलं, आणि घेणाऱ्याला कळलंही नाही.

पैशात बघू. हे भाव मी फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा. अंडं ७ रुपये. चिकन खिमा ३०० रुपये किलो, म्हणजे ७५ ग्रॅमचे साडेबावीस रुपये. मसाला, आलं-लसूण आणि बांधणीचं पीठ ३ रुपये. मैदा, ब्रेडचा चुरा आणि वर लावायचं फेटलेलं अंडं मिळून ४ रुपये. तेल ४, गॅस २, कागदी डबी आणि चटणी ५. झाले साडेसत्तेचाळीस. फुटलेला, करपलेला, उरलेला माल धरून एक नग ५० रुपयांना पडतो. विक्री ८० रुपयांना केली तर हातात राहिले ३० रुपये. यातली तुमची मेहनत अजून धरलेली नाही.

आता तो जादाचा २५ ग्रॅम खिमा. त्याचे साडेसात रुपये. म्हणजे तीस रुपयांच्या नफ्यातला बरोबर चौथा हिस्सा, कोणालाही न दिसता, कढईत गेला! आठवड्याला ४० नग विकणाऱ्याचे ३०० रुपये असे जातात, महिन्याला बाराशेच्या वर. बरेच जण सांगतात, "सर, माल सगळा खपतो पण गल्ल्यात काही उरत नाही." त्यातल्या बऱ्याच जणांच्या किचनमध्ये वजनकाटा नसतो. छोटा डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो. कढई नंतर घ्या, काटा आधी घ्या. सगळा खिमा मळून झाला की आधी त्याचे ७५-७५ ग्रॅमचे गोळे करून ताटात मांडा आणि मगच अंडी हातात घ्या.

जाडीचा दुसरा संबंध कच्चेपणाशी आहे, आणि हा पैशाहून मोठा विषय आहे. चिकनच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते आतपर्यंत सगळीकडे मिसळतात. म्हणून खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे, आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं पाहिजे. थर जाड आणि तेल कडक असेल तर वरचा चुरा चार मिनिटांत लाल होतो आणि अंड्याला चिकटलेला खिमा गुलाबीच राहतो. छोट्या गावात चार जणांची पोटं बिघडली की गोष्ट दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपर्यंत पोचते आणि मग कितीही जाहिरात करा. उलट थर फार पातळ झाला, ५०-५५ ग्रॅमवर आला, की तळताना तडकतो, अंडं बाहेर डोकावतं, तेल उडतं. त्यामुळे ७५ हा आकडा धरून चला, ७०च्या खाली आणि ८०च्या वर नको.

करताना लक्ष ठेवायच्या जागा

बारा नगांसाठी १२ अंडी, वरून लावायला आणखी २, आणि ९०० ग्रॅम खिमा. अगदी ताजी अंडी सोलताना साल निघत नाही, चार-पाच दिवसांची घ्या. उकळत्या पाण्यात सोडून दहा मिनिटं, मग लगेच थंड पाण्यात. इंग्रजी व्हिडिओंत आतला बलक मऊ, वाहता ठेवतात. घरी खायला करा तसं, विकायला नाही. विकायचं अंडं पूर्ण कडक.

खिमा दोनदा दळून घ्या. चिकनच्या खिम्याला पाणी सुटतं, त्यासाठी चार मोठे चमचे फुटाण्याचं किंवा भाजलेल्या बेसनाचं पीठ घाला. कांदा घालायचा असेल तर बारीक चिरून, मीठ लावून, घट्ट पिळून. नाहीतर तोच कांदा नंतर थर सोडवतो. मसाला तुमच्या घरचा. मलकापूर-नांदुऱ्याकडे काळ्या मसाल्याची चव लोकांना आवडते, ती घाला की. इंग्लंडच्या चवीशी आपल्याला काय करायचंय?

थर निसटतो अशी तक्रार सगळ्यात जास्त येते. कारण साधं आहे, अंडं ओलं असतं. सोललेलं अंडं फडक्याने कोरडं करा, सुक्या मैद्यात घोळवा, मग ओल्या हाताने खिमा चढवा. सांधा नीट मिटवा. त्यानंतर मैदा, फेटलेलं अंडं, चुरा. ब्रेडचा चुरा विकत आणायची गरज नाही, टोस्ट कुटून चालतात. तयार गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की घट्ट बसतात.

तेल मध्यम, १६० ते १७० अंश. नग एकावेळी चारच, आठ ते दहा मिनिटं, फिरवत. स्वयंपाकाचा टोचून बघायचा थर्मामीटर जमला तर घ्याच. तो नसेल तोवर प्रत्येक घाण्यातला एक नग कापून बघा. आत कुठेही गुलाबीपणा दिसला तर सगळा घाणा परत मंद आचेवर. तो कापलेला नग वाया जात नाही, त्याचे चार तुकडे करून गिऱ्हाइकाला चव द्या. तेल काळं, दाट झालं की टाकून द्या. वापरलेल्या तेलासाठीही कायदा आहे: १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात खामगाव-शेगावकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. शिजलेला माल एकतर ६० अंशांच्या वर गरम राहिला पाहिजे नाहीतर फ्रिजमध्ये ५ अंशांखाली. या दोन्हींच्या मध्ये तो दोन तासांच्या वर नको, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे दुपारी तळून संध्याकाळी विकणं आपल्याकडे वर्षातले निम्मे महिने जमणारच नाही. सकाळी गोळे करून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी ऑर्डरप्रमाणे तळा, कच्चे गोळे त्याच दिवशी संपवा. लाईट तीन-चार तास गेली तर तो माल विकू नका. नुकसान होईल, होऊ द्या.

पहिला महिना बटाट्याने

माझं स्पष्ट मत विचाराल तर सुरुवात खिम्याने करू नका. अंड्यावर बटाटावड्याच्या भाजीचा थर द्या, बाकी कृती तीच. थराची किंमत साडेबावीस रुपयांवरून अडीच-तीन रुपयांवर येते, नग सगळा मिळून २९ रुपयांच्या आसपास पडतो आणि ४५ ला विकता येतो. नफा १६ रुपयेच, पण कच्च्या चिकनची जोखीम नाही, भांडवल कमी, आणि हात बसेपर्यंत फुटलेल्या मालाचं दुःखही कमी. अंडं चालतं पण मटण-चिकन नको, असं म्हणणारी भरपूर माणसं आपल्याकडे आहेत, ती या मालाची गिऱ्हाईकं. खिमा अंडा फक्त बुधवारी आणि रविवारी, तोही आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला मागणी वाढू शकते, तेव्हा चिकन गिऱ्हाइकाचा विश्वास असलेल्या हलाल दुकानातूनच आणा आणि तसं सांगा. श्रावणात आणि नवरात्रात विक्री पडणार, हे वर्षाच्या हिशेबात आत्ताच लिहून ठेवा.

८० रुपये लोक देतील का? समोसा-कचोरीच्या शेजारी ठेवलं तर नाही देणार. हा नाश्ता म्हणून विकायचा मालच नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात इंग्लंडच्या काही भागांत पोटभर जेवणासोबतच दारू देता येईल असा नियम होता, तेव्हा स्कॉच एगला जेवण म्हणायचं का यावर तिथे खरोखर चर्चा झाली आणि जॉर्ज युस्टिस नावाच्या मंत्र्याने बहुतेक हो असं सांगितलं. हसू येतं, पण धंद्याच्या दृष्टीने बोलणं चुकीचं नाही. सव्वाशे ग्रॅमचा नग, दोन पाव, कांदा आणि ठेचा: ही एका माणसाची थाळी झाली. ती अंडाभुर्जी-पावच्या शेजारी ठेवा. आणि अर्धा नग, एक पाव ४५ रुपयांना अशीही प्लेट ठेवा, नवीन माणूस आधी तीच घेतो.

जागेबद्दल दोन गोष्टी. शेगावची कचोरी स्टेशनवरून गाजली, म्हणून आपणही गाडीत टोपली घेऊन चढू, असं काही जणांना वाटतं. रेल्वे कायदा १९८९, कलम १४४ प्रमाणे परवान्याशिवाय गाडीत किंवा स्टेशनात विक्री हा गुन्हा आहे. शिवाय शेगावला येणारा बहुतांश माणूस श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला येतो, तिथे मंदिराच्या वाटेवर अंड्याचा माल नेऊच नका. तुमची जागा म्हणजे कॉलेज, जिम, हायवेवरचे ढाबे, आणि कोचिंग क्लासच्या पोरांच्या रूम.

कागदपत्रांत फार अडकू नका, पण एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या विक्रीआधी. फॉसकॉस पोर्टलवर घरून अर्ज होतो. २०११ च्या नियमांनी १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांसाठी वर्षाला १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली होती. मर्यादा आणि शुल्क बदलत असतात, भरताना पोर्टलवरचा आकडा बघा. एजंटला हजार-दोन हजार देण्यासारखं त्यात काही नाही. १४ अंकी नंबर मिळाला की डबीवर टाका. आणि या धंद्यासाठी सुरुवातीलाच कर्ज काढू नका. घरची कढई, घरचा फ्रिज, एक काटा आणि पहिल्या आठवड्याचा माल, एवढ्यावर सुरू होतं.

वहीत पहिल्या दिवसापासून चार रकाने आखा: किती खिमा किंवा बटाटा आणला, किती नग झाले, किती विकले, किती उरले किंवा फुटले. ९०० ग्रॅमचे बारा निघायला हवेत. दहाच निघाले, तर त्याच संध्याकाळी काट्याचा सेल बदला, नाहीतर गोळे कोण करतंय ते बघा.