पडद्यावरची खोटी लाट

डोळ्यांना दिसते ते खरे, असे आपण मानतो. डिजिटल ऑसिलोस्कोपपुढे मात्र हा विश्वास जरा आवरता घ्यावा लागतो. १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउनने जी नळी बनविली, तिच्यातला किरण विजेच्या चढउताराबरोबर स्वतःच हलत असे. आजचे यंत्र तसे करीत नाही. ते ठराविक अंतराने विजेचा दाब मोजते, आकडे साठविते आणि त्यांवरून रेषा काढते. दोन मोजण्यांच्या मध्ये काय घडले, त्याचा त्याला पत्ताच नसतो.

समजा, यंत्रात १०,००० आकडे मावतात आणि पडद्यावर आपण १० सेकंदांचा काळ पसरला. म्हणजे सेकंदाला मोजण्या झाल्या १,०००. आता सेकंदाला १,००१ कंपने असलेली लाट आली, तर प्रत्येक मोजणीच्या वेळी ती एका फेऱ्याहून किंचित पुढे सापडेल. आणि पडद्यावर सेकंदाला एकच हेलकावा घेणारी संथ, मोठी देखणी लाट उमटेल! सिनेमात धावत्या गाडीचे चाक उलटे फिरते ना, त्यातलाच हा प्रकार. दुरुस्ती करणारा बिचारा मग नसलेला दोष शोधीत बसतो.

क्लॉड शॅननने १९४९ साली मांडलेला नियम असा, की मोजण्यांचा वेग लाटेतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक हवा. आकार नीट दिसायला आम्ही पाचपट तरी धरतो. शंका आलीच तर काळाचे बटन फिरवून पाहावे. खरी लाट नुसती ताणली जाते, तिची कंपने तेवढीच राहतात. खोटी लाट बहुधा आपला वेगच बदलते.