सराव प्रश्न शेकड्यांनी सोडवले, तरी गुण जागेवरच का?

पदवीचं शेवटचं वर्ष लागलं की सीमाभागातल्या घरांत एक चर्चा ठरलेली असते. एमबीए करायचं, पण परीक्षा कोणती द्यायची? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या विद्यार्थ्यापुढे निदान तीन वाटा असतात. कर्नाटकात राहायचं तर तिथल्या परीक्षा प्राधिकरणाची पीजीसीईटी, पुण्या-मुंबईकडे जायचं तर महाराष्ट्राची एमएएच-एमबीए सीईटी, आणि आयआयएमचं स्वप्न असेल तर कॅट. गोव्यातल्या आणि इंदूरच्या मराठी घरांतही नावं थोडी बदलतात, चर्चा तीच.

मग प्रश्नसंचांची जाड पुस्तकं येतात, मोबाईलवर अ‍ॅप येतं आणि मुलं कामाला लागतात. रोज पन्नास प्रश्न, कधी शंभर. दोन महिने जातात. सराव परीक्षेचा आकडा मात्र हलत नाही. घरचे म्हणतात अभ्यास कमी पडतोय, क्लासवाले म्हणतात अजून प्रश्न सोडवा. बहुतेक वेळा दोघांचंही निदान चुकलेलं असतं. प्रश्न कमी पडत नाहीत, ते सोडवायची रीत कमी पडते.

एक साधा प्रश्न घेऊ. शहापूरच्या दुकानदाराने साडीवर खरेदीपेक्षा ४० टक्के वाढवून किंमत लावली आणि गिऱ्हाइकाला २५ टक्के सूट दिली. नफा किती? घाईत असलेला विद्यार्थी चाळीसमधून पंचवीस वजा करून १५ टक्के लिहून मोकळा होतो. पर्यायांत १५ असतंच, कारण प्रश्न काढणाऱ्याला ही घाई ठाऊक असते. खरं उत्तर ५ टक्के. खरेदी १०० रुपये धरली तर लावलेली किंमत १४०, त्यावर २५ टक्के म्हणजे ३५ रुपये सूट, विक्री १०५. सूट खरेदीवर नसते, लावलेल्या किमतीवर असते, एवढीच यातली मेख.

आता बहुतेक जण इथे काय करतात? मागचं पान उलटतात, उत्तर बघतात, ‘अरे हो, बरोबर’ म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाला जातात. उत्तर समोर असलं की सगळंच सोपं वाटतं. समजलं असं वाटणं आणि स्वतःला काढता येणं यात केवढा फरक आहे हे परीक्षा हॉलमध्येच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा तोच प्रश्न उलटा करून बघावा. दुकानदाराला १२ टक्के नफा हवा असेल तर सूट किती द्यावी? विक्री ११२ हवी, किंमत १४०, म्हणजे सूट २८ रुपये, १४० च्या २० टक्के. हे ज्याला उत्तर न बघता जमलं, त्याचा तो प्रकार पक्का झाला. मग त्या धड्यातले उरलेले तीस प्रश्न नाही सोडवले तरी चालतं.

वेग-अंतराचंही तसंच. कोल्हापूरला ताशी ६० किलोमीटरने गेलं, ४० ने परत आलं, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८. खरं अंतर किती हे इथे कामाचं नाही. सोयीसाठी १२० धरा. जाताना २ तास, येताना ३, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत. सावकाश चालताना वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी ४० कडे झुकते. हे कारण लक्षात राहिलं तर सूत्र विसरलं तरी फारसं बिघडत नाही.

उत्तर झाकण्याचा फायदा

आठवून बघण्याचा फायदा मोजूनही दाखवला गेला आहे. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो झाकून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं.

दुसरा प्रयोग गणिताचा आहे आणि आपल्या प्रश्नसंचांना तो थेट लागू पडतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाची गणितं दोन गटांना दिली, एकाला प्रकारवार, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना प्रकारवार सोडवणाऱ्यांचे गुण चांगले होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर आणि प्रकारवार सोडवणारे २० टक्क्यांवर होते. कारण उघड आहे. ‘नफा-तोटा’ असं वर लिहिलेल्या धड्यात कोणती रीत लावायची हे आधीच कळलेलं असतं. खऱ्या पेपरात ते कुणी सांगत नाही. धडा शिकताना प्रकारवार ठीक, पण नंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी खिचडी हवीच.

चुकांची वही

वही पुष्कळ मुलं ठेवतात, पण तिच्यात नुसतं बरोबर उत्तर उतरवतात. त्याचा उपयोग थोडा. उत्तर का चुकलं ते एका ओळीत लिहायला हवं. रीतच माहीत नव्हती? प्रश्न नीट वाचला नाही? आकडेमोड घसरली? की येत असून वेळ पुरला नाही? चारही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. रीत माहीत नसेल तर धडा पुन्हा वाचावा लागतो, पण वाचण्यात चूक होत असेल तर आणखी दोनशे गणितं सोडवूनही ती जाणार नाही. आठवड्याने वहीतले प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचे. तेव्हाही चुकला तो प्रश्न वहीत राहील, जमला त्यावर काट.

मराठी माध्यमातून आलेल्यांच्या वहीत ‘नीट वाचला नाही’ हा रकाना लवकर भरतो. गणित कच्चं नसतं, इंग्रजीतले लहान शब्द पाय ओढतात. ‘अ‍ॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘अ‍ॅट लीस्ट’ म्हणजे निदान, ही जोडी घाईत उलटते. ‘अनलेस’ तर भल्याभल्यांना फसवतो. ‘रवी आल्याशिवाय सुनील येणार नाही’ या वाक्यावरून सुनील आला तर रवी आलाच असणार, हे पक्कं. पण रवी आला म्हणून सुनील येईलच असं नाही. मराठीत वाक्य मनात म्हणून बघितलं की गाठ सुटते, आणि तसं करण्यात काहीच कमीपणा नाही.

‘सम’ या शब्दाचं दुखणं आणखी निराळं. आपण ‘काही पोरं आली’ म्हणतो तेव्हा सगळी आली नाहीत असं सुचवत असतो. तर्काच्या प्रश्नात ‘काही’ म्हणजे निदान एक, आणि सगळी असली तरी वाक्य खरंच राहतं. तसंच, सर्व शिक्षक वाचक आहेत आणि काही वाचक गायक आहेत, एवढ्यावरून काही शिक्षक गायक आहेत असं ठरत नाही. गाणारे वाचक शिक्षकांच्या बाहेरचे असू शकतात. कागदावर दोन-तीन वर्तुळं काढली की दहा सेकंदांत दिसतं.

पेपर बदलला की हिशेब बदलतो

एकच प्रश्नसंच सगळ्या परीक्षांना चालतो असं धरून तयारी करणं महागात पडतं. एमएएच-एमबीए सीईटीच्या आजवरच्या रचनेत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीला दंड नाही. तिथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान. शेवटची दोन मिनिटं राखून उरलेल्या सगळ्यांवर काही ना काही टिकवायचंच.

कॅटचं गणित निराळं. २०२४ मध्ये ६८ प्रश्न होते. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, एका विभागाची वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरी एक बरोबर येतो, तीन चुकतात. अधिक ३, उणे ३, हाती शून्य. पण प्रत्येकात एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक, हाती १ गुण. म्हणून सराव करताना ‘उत्तर आलं नाही’ एवढ्यावर थांबू नये, कोणता पर्याय नक्की नाही हेही बघावं. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना दंड नसतो, ते कोरे सोडायचं कारणच नाही. सीयूईटी-पीजीत बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ आहे, तिथे अंधारातला तीरही सरासरीने थोडा फायद्यातच पडतो. गेटच्या एका गुणाच्या पर्यायी प्रश्नाला वजा एक तृतीयांश, म्हणजे कॅटसारखंच शून्य.

कॅटच्या तर्क-माहितीच्या विभागात तर प्रश्न सोडवण्याइतकंच निवडणं महत्त्वाचं असतं. एकेका माहितीवर चार-पाच प्रश्न असतात. चुकीच्या संचात पंधरा मिनिटं रुतली की विभाग हातचा गेला. म्हणून घरी सराव करतानाही सगळे संच आधी नुसते वाचावेत, कोणते घ्यायचे ते ठरवावं, आणि शेवटी आपली निवड बरोबर होती का ते तपासावं. हा सराव फार थोडे करतात.

पुस्तकांवर आणि मालिकांवर हजारो रुपये घालण्याआधी कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या अलीकडच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसह फुकट उतरवून घ्याव्यात. गेटच्याही मिळतात. मात्र त्या पहिल्याच आठवड्यात संपवू नयेत. दोन-तीन तरी शेवटच्या महिन्यासाठी न उघडता ठेवाव्यात आणि घड्याळ लावून, मध्ये चहाला न उठता सोडवाव्यात. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, त्या हिशेबाने ऑक्टोबरचे शेवटचे रविवार यासाठी मोकळे ठेवावे लागतील.

महाराष्ट्राच्या सीईटीला बसणाऱ्या सीमाभागातल्या मुलांनी आणखी एक काम आधीच उरकावं. वादग्रस्त सीमाभागातील, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. तिचे दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. निकालानंतर कचेऱ्यांच्या खेपा सुरू करण्यापेक्षा चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडून नमुने आत्ताच बघून घेतलेले बरे.