चूक केव्हा उघडकीस यावी? जावा भाषेतील ॲरे आणि जेनेरिक संग्रह

मतदारयादीपासून निवृत्तिवेतनाच्या नोंदींपर्यंत अनेक याद्या आता संगणकात ठेवल्या जातात. अशी यादी आज्ञावलीत मांडण्याची सर्वात जुनी पद्धत म्हणजे ‘ॲरे’. ॲरे म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची जणू एक ओळच. क्रमांक सांगताच हवा तो खण सापडतो. मात्र खणांची संख्या आरंभीच ठरवावी लागते.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने 1995 साली जगापुढे आणलेल्या जावा भाषेत ॲरेला एक सवलत देण्यात आली. नावांचा ॲरे हा ‘कोणत्याही वस्तूंचा ॲरे’ म्हणूनही चालू लागला. दोन ॲरे ताडून पाहणे किंवा त्यांतील घटकांची अदलाबदल करणे, अशा कामांसाठी प्रत्येक प्रकारागणिक निराळी आज्ञावली लिहावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता. सोय खरी, पण ती महाग पडली. ‘कोणत्याही वस्तूंचा’ म्हणून हाती आलेल्या नावांच्या ॲरेत कोणी अंक लिहू पाहिला, तर आज्ञावली तपासणारा कंपायलर हरकत घेत नाही. चूक उघडकीस येते ती आज्ञावली प्रत्यक्ष चालू असताना, कदाचित वेतनवाटपाच्या ऐन दिवशी. आणि तिची आगाऊ तरतूद केलेली नसेल तर काम तेथेच थांबते.

2004 साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत जेनेरिक संग्रह आले. गिलाड ब्राखा, मार्टिन ओडर्स्की, डेव्हिड स्टाउटामायर व फिलिप वॉडलर यांनी 1998 साली मांडलेली योजना त्यांच्या मुळाशी होती. येथे ‘नावांची यादी’ असे एकदा घोषित केले की ती ‘कोणत्याही वस्तूंची यादी’ म्हणून खपत नाही. अंक घालण्याचा प्रयत्न कंपायलरच नामंजूर करतो आणि चूक लिहिणाऱ्याच्या टेबलावरच सापडते. ही शिस्त काहींना जाचक वाटते. परंतु ज्या यादीवर इतरांचे पैसे अवलंबून आहेत, तिच्या बाबतीत हा जाच पत्करलेलाच बरा.

जुन्या आज्ञावल्या निकामी होऊ नयेत म्हणून यात एक तडजोड करण्यात आली. कंपायलरची तपासणी संपली की प्रकाराची ही खूण पुसली जाते. त्यामुळे आज्ञावली चालू असताना रिकामी यादी नावांची की अंकांची, हे त्या यादीकडे पाहून सांगता येत नाही. शिवाय साध्या अंकांना संग्रहात थेट स्थान नाही. प्रत्येक अंक वस्तूच्या वेष्टनात घालावा लागतो व स्मृतीची जागा अधिक लागते. लक्षावधी अंकांची आकडेमोड असेल तेथे ॲरेच सोयीचा ठरतो. किंबहुना ‘ॲरेलिस्ट’ या लोकप्रिय संग्रहाच्या पोटातही ॲरेच असतो. तो भरला की संग्रह मोठा ॲरे घेतो आणि जुन्यातील सर्व नोंदी त्यात उतरवितो.